नर्मदा एक दिवसाआड

शैलजानं आदल्या दिवशीच माणसं वाटून टाकली होती. घर विकायच्या बाजूला एकटे आशिषभावजी, पुण्याहून बॅगेत कागद घेऊन आलेले. न विकायच्या बाजूला ती स्वतः आणि स्पृहा. पण लेकीची बारावीची परीक्षा महिन्यावर आलेली, तिचं मत कुणी विचारणार नव्हतं. सासऱ्यांचे धाकटे भाऊ दिनानाथकाका मधे. काका मानपुराहून संध्याकाळच्या बसनं उतरले तेव्हापासून आलं घातलेला चहा त्यांना तीनदा गेला होता. दुसऱ्या कपालाच ते "घर ते घर असतं गं बाई" असं बोलून गेले होते, तेव्हा तिसरा कप वायाच गेला म्हणायचा. सासूबाईंचं काही कळत नव्हतं, आणि इंदूरच्या अन्नपूर्णा भागातलं हे घर होतं त्यांच्याच नावावर.

राहिले गोपीनाथ. नवरा आपल्याच बाजूचा आहे हे तिनं धरूनच ठेवलं होतं, विचारलं नव्हतं. वीस वर्षांच्या संसारात जे न विचारता चालतं ते विचारायला गेलं की बिघडतं, असा तिचा हिशेब.

आशिषभावजींना सकाळचा चहा बिनसाखरेचा गेला.

"अय्या, विसरलेच हो भावजी," ती म्हणाली. साखरेचा डबा हाताशीच होता, तरी तिनं तो पुढे केला नाही. आशिषनं मुकाट्यानं कप संपवला, ह्याचं तिला जरा आश्चर्य वाटलं. भांडायला तयार असलेल्या माणसाला समोरच्यानं साथ दिली नाही की चिडचिड दुप्पट होते.

त्यात आज नर्मदा आली नव्हती. इंदुरात नळाच्या पाण्याला कुणी पाणी म्हणत नाही, नर्मदा म्हणतात, आणि ती एक दिवसाआड येते. आज तिचा दिवस होता. सहाला यायची ती दहा वाजले तरी पत्ता नाही. आणि आज घरात सासऱ्यांचं, पंढरीनाथांचं, वर्षश्राद्ध. शेवटी शैलजानं शेजारच्या जैनांच्या बोरिंगवरून चार कळशा आणल्या आणि ओल्या केसांनिशी खिरीचं पातेलं चढवलं.

"आई, बोरिंगचं चालेल ना?"

उषाताई कोपऱ्यात बसून वड्यांचं पीठ मळत होत्या. "खाणाऱ्यांना चालेल. ज्यांच्यासाठी आहे ते पहिल्यापासून कुरकुरेच होते," त्या म्हणाल्या. मग हात थांबवून खिडकीतून अंगणातल्या कोरड्या नळाकडे त्यांनी एकदा पाहिलं.

*

घरचे चिंतामणगुरुजी मोतीबिंदू काढून डोळ्याला पट्टी लावून बसले होते, म्हणून त्यांचा पुतण्या अनीश आला. सव्वीस वर्षांचा, नाशिकला शिकून आलेला, दारात स्कूटर. दिनानाथकाकांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आशिषच्या कानाशी म्हणाले, "ह्याला श्राद्ध येतं की नुसतं गाडीचं पूजन?"

गोपीनाथ पाटावर बसले. बोटात दर्भाचं पवित्रक, समोर ताम्हन, तीळ, पंचपात्र. अठ्ठेचाळीस वर्षांचा हा माणूस उघड्या अंगानं बसला की अजून आईच्या ओळखीचा दिसायचा. शर्ट घातला की सांवेर रोडवरच्या बादल्यांच्या कारखान्याच्या गेटवर पास फाडणारा कुणीतरी. सात वर्षांपूर्वी मिल बंद पडली त्याआधी ते तिथल्या रंगखात्यात होते, आणि तेव्हा त्यांची नखं कधीच एका रंगाची नसत. बाबा त्याच मिलमध्ये हेडक्लार्क. बापलेक एकाच भोंग्यावर घरातून निघायचे.

अनीशगुरुजी संकल्प सांगू लागले आणि गोपीनाथ त्यांच्यामागून म्हणू लागले. देश, काळ, संवत्सर. तळहातात पाणी होतं.

"नर्मदाया उत्तरे तीरे," गुरुजी म्हणाले.

"कृष्णाया उत्तरे तीरे," गोपीनाथ म्हणाले.

गुरुजी थांबले. "नर्मदाया."

"आमच्यात कृष्णा म्हणतात."

"आमच्यात म्हणजे?"

"घरात. आमचं मूळ गाव कृष्णेकाठचं. वाईच्या खाली कुठेतरी."

"कधी सोडलंत?"

गोपीनाथांनी काकांकडे पाहिलं. "आमच्या आजोबांनी सोडलं, ह्याच्या पणजोबांनी," काका म्हणाले. "होळकरांकडे कारकुनी लागली. चार वर्षांसाठी म्हणून आले होते."

"मग ती चार वर्षं कधी संपली?"

"अजून चालू आहेत."

गुरुजींना हसू आलं, पण श्राद्धाला हसणं बरं नव्हे म्हणून ते त्यांनी गिळलं. "हे बघा दादा, संकल्पात मूळ गाव सांगत नाहीत. आत्ता कुठे बसलो आहोत ते सांगतात. इंदूर नर्मदेच्या उत्तरेला. पितरांना बोलवायचं तर जागा खरी सांगायला नको? पाहुण्यांना बोलावलंत आणि पत्ता दुसऱ्याच गावाचा दिलात तर ते कुठे जातील?"

"मतलब आजोबा वाईला जाऊन उभे असतील," दारातून स्पृहा म्हणाली. "आणि तिथे कोणीच नाही. बेचारे."

"स्पृहा, आत जा. पुस्तक घे."

"काकांनी तरी ते गाव पाहिलंय," आशिष म्हणाला.

"एकसष्ट साली," काका म्हणाले, आणि सगळ्यांना कळलं की आता हे ऐकावं लागणार. "मे महिन्यात गेलो. वाटलं, आमचा दादा, ह्यांचा बाप, रोज जिचं नाव घेतो ती केवढी असेल. घाटाच्या पायऱ्या उतरून गेलो तर पाणी घोट्याएवढं. एक म्हैस बसली होती, तिची पाठ कोरडी. घराचं विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, ते तर विकून गेले, त्यालाच साठ वर्षं झाली. मी पाय धुतले आणि परत आलो. दादाला सांगितलं, भरपूर पाणी आहे."

"खोटं सांगितलंत?"

"मग काय सांगू? त्याला कधी जायचंच नव्हतं. त्याला ती नुसती तिथे असायला हवी होती."

गोपीनाथांच्या तळहातातलं पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं होतं. गुरुजींनी पळीनं पुन्हा घातलं.

"चिंतामणगुरुजी कधी काही बोलले नाहीत," गोपीनाथ म्हणाले.

"आमचे काका यजमानाचं मन राखतात. मला शिकवलं तसं मी सांगतो."

"आणि तुमच्या शिकवण्याप्रमाणे आमच्या मानपुराचं काय हो?" काकांना आता रंग चढला होता. "तिथे पाऊस पडला की रस्त्याच्या ह्या अंगाचं पाणी नर्मदेला जातं, त्या अंगाचं चंबळेला. मी कुणाचं नाव घ्यायचं?"

"तुम्ही कुठे बसता काका?"

"मी? मी रस्त्यावरच. बसस्टँडच्या बाकावर."

*

आशिषला हे सगळं ऐकताना बाबांचा आवाज ऐकू येत होता. गणपतीला, अनंताला, त्याच्या मुंजीत. बाकीचे मंत्र बाबा कारकुनी वेगानं उरकायचे, पण 'कृष्णाया' म्हणताना थांबायचे, हेडऑफिसचं नाव घ्यावं तसे. पुण्याला गेल्यापासून आशिषनं एकदाही संकल्प केला नव्हता. तरी त्याला वाटलं, हे आज तरी बदलू नये.

"दादा, कृष्णाच म्हण," तो म्हणाला. "बाबा जन्मभर तेच म्हणाले. त्यांच्याच श्राद्धाला बदलायचं म्हणजे..."

स्वैपाकघरातून उलथनं ठेवल्याचा आवाज आला. शैलजा दारात आली.

"नर्मदाच म्हणा तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली. "जिथे राहायचं तिथलं नाव घ्यायला लाज कसली?"

"वहिनी, मी एवढंच म्हटलं की..."

"तुम्हाला तर कृष्णाच पाहिजे भावजी. ठाऊक आहे मला. बॅगेत कागद घेऊनच आलात. बाबांचं वर्ष व्हायची वाट बघितलीत, एवढे उपकार. आईंना पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवणार, आम्ही जाऊ कुठेतरी भाड्यानं. आणि हे तुमचे दादा, ह्यांना बोलता येत नाही म्हणून तुमचं चालून राहिलंय."

आशिषचे कान लाल झाले. त्यानं भावाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. जानेवारीपासून तो हे बोलणं खात होता. फोनवर खाल्लं, काल स्टेशनवरून रिक्षात खाल्लं, सकाळी चहात खाल्लं. ठरलं होतंच तसं. पण अनोळखी गुरुजींच्या समोर बसून खायचं ठरलं नव्हतं.

"वहिनी, आत्ता नको."

"का नको? बाबांच्या समोरच होऊ दे. ऐकू देत त्यांनाही, धाकटा लेक..."

"शैला, थांब," गोपीनाथ म्हणाले.

त्यांचा तळहात अजून पुढेच होता, पाण्यानं भरलेला. त्या हाताकडे बघतच ते बोलले.

"कागद मी मागवलेत."

शैलजाला आधी कळलंच नाही. "कसले?"

"घराचे. आशूला मीच पत्र लिहिलं, डिसेंबरात. इचलकरंजीला एक प्रोसेसिंग हाऊस आहे, त्याच्या मित्राच्या सासऱ्यांचं. त्यांना डाईंग मास्टर पाहिजे. एक एप्रिलपासून. मी तोंडी हो म्हणालोय. आणि एका पगारात दोन घरं चालणार नाहीत म्हणून हे विकावं, हेही मीच लिहिलं. त्याला म्हटलं, तू तुझी कल्पना म्हणून सांग. मला... मला सांगता येणार नाही."

खीर उतू जाते की काय असा वास आला; स्पृहानं आत जाऊन गॅस बंद केला, शैलजा हलली नाही. तिनं वाटून ठेवलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोर उठून जागा बदलत होती, आणि ज्यांना तिनं विचारलंच नव्हतं ते सगळ्यात लांब जाऊन बसले होते.

"इथे बसून मी नर्मदेच्या तीरावर आहे म्हणू," गोपीनाथ गुरुजींना म्हणाले, "आणि मनात इचलकरंजी. तुम्ही म्हणता, जागा खरी सांगा. सांगा बरं, काय म्हणू?"

गुरुजींना नाशिकला हे शिकवलं नव्हतं. त्यांनी पंचपात्र जवळ ओढलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "हे पाणी नर्मदेचंच आहे ना?"

"जैनांचं आहे," काका म्हणाले.

आणि त्याच वेळी कुंपणापलीकडून जैनबाईंचा आवाज आला, सगळ्या गल्लीला पुरेल एवढा: "शैलजाजी! नर्मदा आ गई! जल्दी भरो, धार पतली है!"

शैलजा पळालीच. रडायचं होतं त्याला निमित्त मिळालं. पाठोपाठ स्पृहा दोन बादल्या घेऊन, आणि त्यांच्यामागून भिंतीला हात धरत उषाताई.

"अहो, श्राद्ध अर्धवट..." गुरुजी म्हणाले.

"बसा गुरुजी," काका म्हणाले. "ती गेली की थेट परवा येते. पितर आज आहेतच."

*

अंगणातल्या नळाला करंगळीएवढी धार होती. शैलजा बादलीखाली हात धरून उकिडवी बसली होती. स्पृहा भरलेली बादली घेऊन आत गेली तेव्हा उषाताई ओट्यावर टेकल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मान वर न करता शैलजानं विचारलं.

"नाही. पण पंधरा दिवस झाले, भाजीत मीठ कमी असलं तरी गोपी बोलत नव्हता. म्हणजे काहीतरी होतं."

"मला का सांगू नये? मी काय खाल्लं असतं त्यांना? भावाला पानभर पत्र, आणि इथे माझ्या शेजारी बसून रोज वरणभात. आई, सात वर्षं मी एक शब्द बोलले नाही. गेटवर पास फाडतात ह्याचा उच्चार केला नाही कधी. वाटलं, मन दुखेल."

"त्यालाही वाटलं असेल, हिचं मन दुखेल. दोघंही फार जपता एकमेकांना. जपून जपून वाट लावलीत."

शैलजानं बादली बदलली. पाणी थंड होतं, तिनं ते तोंडावर मारलं.

उषाताई धारेकडे बघत राहिल्या. एकोणपन्नास साली त्या मंडलेश्वराहून ह्या घराण्यात आल्या. माहेरी दारासमोर नर्मदा. सकाळी घागर बुडवायला गेलं की पलीकडच्या तीरावरची बाई काय धुते तेही दिसायचं. इथे आल्यावर विहीर, मग हँडपंप. अठ्ठ्याहत्तर साली नळाला पहिल्यांदा नर्मदा आली. मंडलेश्वरापासूनच जवळ कुठेतरी उचलून, पंपांनी घाट चढवून आणतात असं पेपरात आलं होतं. त्या दिवशी त्यांनी नळाला हळदकुंकू लावलं, खण आणि नारळ ठेवला, तांदळांनी ओटी भरली. पंढरीनाथ ऑफिसला निघाले होते ते सायकल धरून उभे राहिले आणि पोट धरून हसले. "नळाची ओटी! उद्या मीटरला पेढे दाखव!" त्याही हसल्या. पण त्या दिवसापासून माहेर एक दिवसाआड यायला लागलं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

"एकोणपन्नास वर्षं मी ऐकते आहे," त्या म्हणाल्या. "कृष्णा, कृष्णा. मला कुणी विचारलं नाही, बाई, तुझं तीर कुठलं. आपल्याला संकल्प कुठे असतो! नवऱ्याच्या हाताला हात लावायचा, तो जिथला म्हणेल तिथले आपण."

शैलजानं वर पाहिलं. सासूबाई तक्रार करत नव्हत्या. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या.

"मग तुम्ही काय करणार आई? कागदांवर सही?"

"तो तांब्या दे इकडे," उषाताई म्हणाल्या. "आधी घासून घे. मग भर."

*

त्या अंगणातून परत आल्या तेव्हा पुरुष होते तसेच बसलेले. उषाताईंनी पंचपात्रातलं पाणी बाजूच्या भांड्यात ओतलं आणि तांब्यातलं ताजं त्यात भरलं.

"गोपी, आज कुठे बसला आहेस?"

"इथे."

"मग इथलं म्हण. एप्रिलात तिकडे बसशील, तेव्हा तिकडचं म्हण. तिकडच्या गुरुजींना विचार, ते सांगतील. होय ना हो?"

"तसंच आहे काकू," अनीशगुरुजी सुटल्यासारखे म्हणाले. "बसू तिथलं."

"म्हणजे जाऊ मी?" गोपीनाथांनी विचारलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचा आवाज तेवढ्यापुरता सहलीला जायची परवानगी मागणाऱ्या मुलासारखा झाला.

"जा की. बादल्यांचे पास फाडायला तुला एवढं शिकवलं नव्हतं तुझ्या बापानं. जा. जमलं तर राहा, नाही जमलं तर ये."

"आणि घर?" आशिषनं विचारलं.

"घर मी विकत नाही. कागद परत ने. तू चांगला आहेस आशू, भावासाठी शिव्या खाल्ल्यास, पण कागद ने. तुमच्या पणजोबांनी तिकडचं विकलं ना, मग चार पिढ्यांना नुसतं नाव घेत बसावं लागलं. दिनूभावजींना पाय धुऊन परत यावं लागलं. माझ्या मुलाला परत यावंसं वाटलं तर त्याला दार नको?"

"पण आई, एका पगारात दोन घरं नाही चालत. दादानं सगळं मांडून पाहिलंय."

"माझा पगार पगार नाही का भावजी?"

शैलजा दारात बादली घेऊन उभी होती. मराठी शाळेत एकोणीस वर्षं ती शिकवत होती, आणि गोपीनाथांच्या मांडणीत ते कुठेच आलेलं नसावं असा तिला आत्ता दाट संशय आला.

"इथलं मी चालवीन," ती म्हणाली. "स्पृहाचं कॉलेज इथेच होईल. ह्यांनी तिकडे त्यांच्यापुरतं बघावं." नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. ती त्यांच्यावर संतापलेली होती, आणि त्यांच्या बाजूनं बोलत होती. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात हे तिचं तिलाच नवीन होतं.

गोपीनाथांनी मोरीकडे पाहिलं. मग भलतंच बोलले. "हे पाणी मोरीतून पुढे खान नदीला जातं. तिथून शिप्रेला. शिप्रेतून चंबळेला, यमुनेला, गंगेला."

"म्हणजे नर्मदा आमच्या मोरीतून गंगेला जाते?" काका म्हणाले.

"जाते. मिल होती तेव्हा रंगीत जायची."

"बाप रे. जाणार होती ती भडोचला. तिनं कुठली ही कलकत्त्याची बस धरली?"

"भावजी, पुरे," उषाताई म्हणाल्या, पण त्यांच्याही ओठांना मुरड पडली होती. "गुरुजी, सांगा. खीर गार होते आहे."

शैलजानं बादली ठेवली, पदराला हात पुसले आणि पळी घेऊन नवऱ्याच्या तळहातावर पाणी घातलं. धार जरा जोरात पडली.

"नर्मदाया उत्तरे तीरे," गुरुजी म्हणाले.

गोपीनाथ थांबले. बाबा थांबायचे त्याच जागी, तेवढंच.

"नर्मदाया उत्तरे तीरे," ते म्हणाले.

मागे बसलेल्या काकांच्या तोंडून सवयीनं 'कृष्णाया' निघून गेलं होतं. त्यांनी जीभ चावली आणि इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांनी ऐकलं होतं, पण गुरुजी पुढचं सांगू लागले.

*

पानं वाढली तेव्हा आशिषच्या पानात न विचारता दोन वडे जास्त पडले. "वहिनी, बस," तो म्हणाला. "खा," ती म्हणाली. माफी मागायची शैलजाची रीत एवढीच, आणि ती आशिषला पोचली. गुरुजी दक्षिणा घेऊन स्कूटरवर बसले तेव्हा काकांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन सांगितलं, "पोरगा बरा आहे. थोडा जास्त शिकलाय, पण निवळेल."

दुपारी सगळे लवंडले. गोपीनाथ मागच्या खोलीत स्पृहाच्या टेबलाशी बसून लिहीत होते. शैलजा आत आली आणि पलंगावर बसली. गोपीनाथांना पाठीला तिची नजर कळत होती.

"भावजींना सांगितलंत," ती शेवटी म्हणाली. "मला का नाही?"

त्यांनी पेन ठेवलं. "तुला सांगितलं असतं तर तू जा म्हणाली असतीस."

"मग?"

"मग मला जावं लागलं असतं."

हे उत्तर तिनं कुठेच धरलेलं नव्हतं.

"म्हणजे तुम्हाला भीती वाटते."

"अठ्ठेचाळीस चालू आहे शैला. सात वर्षांत रंग नव्या तऱ्हेचे आले, मशिनं नवी आली. तिथे पंचवीस वर्षांची पोरं असतील. मला जमलं नाही तर? घर विकलेलं असतं तर निदान परतायचा प्रश्न नव्हता. आता आईनं दार उघडं ठेवलंय. आता जमवूनच दाखवावं लागणार."

"असं उलटं डोकं देवानं फक्त तुम्हालाच दिलं," ती म्हणाली, पण उठून त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "काय लिहिताय?"

"त्यांनाच. लेखी होकार. वाच, तुझी शुद्धलेखनाची नजर आहे."

तिनं खांद्यावरून वाकून वाचलं. अक्षर बाबांसारखंच, कारकुनी वळणाचं. सादर नमस्कार, आपल्या निरोपाप्रमाणे, आणि शेवटी: 'मी दि. १ एप्रिल रोजी सहकुटुंब हजर होत आहे.'

"सहकुटुंब?"

"सहकुटुंब लिहिलं की क्वार्टर मोठी देतात."

"आणि मोठ्या क्वार्टरमध्ये एकटे काय करणार? पकडापकडी खेळणार?"

ते हसले नाहीत. "लिहिताना हात थांबला नाही, एवढंच. वीस वर्षं असंच लिहिलंय."

शैलजानं त्यांच्या हातातलं पेन घेतलं. वह्या तपासताना मारायची तशी एक आडवी रेघ 'सहकुटुंब'वर मारली आणि वर लिहिलं, 'एकटा'. मग तिनं ते वाचलं. बाहेर काका घोरत होते, आणि आईंच्या खोलीतून आशिष त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगत होता.

'एकटा'च्या आधी थोडी जागा उरली होती. शैलजा पुन्हा वाकली आणि बारीक अक्षरात तिथे बसवलं, 'सध्या'.

"आता नीट उतरवून काढा," ती म्हणाली. "खाडाखोड पाठवू नका."